पालथी कवडी

शालूबाईच्या घरात ओवणीला बसलं की कुणी बोलायचं नाही. ओवणाऱ्या बाईच्या ओठांत दोऱ्याचं मेण लावलेलं टोक असे, आणि ते टोक सुटलं की हाताची लयही सुटते, असं शालूबाईची सासू सांगायची. म्हणून त्या घरातल्या बायकांनी फार पूर्वी एक रीत पाडली होती. पुढ्यातल्या पाटावर कवडी ठोकायची. एकदा ठोकलं तर दोरा. दोनदा ठोकलं तर कात्री. तीनदा ठोकलं तर हातात आहे ती कवडी टाक, ती वाईट आहे. टाकलेली कवडी पाटाच्या कडेला पालथी ठेवायची, दातांची बाजू खाली करून. पालथ्या कवडीला मग कुणी हात लावायचा नाही, आणि ती कुठल्याच माळेत जायची नाही.

कागलजवळच्या खेड्यातून शालूबाई ह्या घरात नवरी होऊन आली, तेव्हा नवऱ्याशी धड ओळख व्हायच्या आधी तिची ह्या ठोक्यांशी ओळख झाली. मंगळवार पेठेतल्या एका बोळात दोन खोल्या, मागं हातभर अंगण, अंगणात चूल. सासू गेली, पुढं नवरा गेला, मुलगा बाळासो मोठा होऊन कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फौंड्रीत कामाला लागला. पाट मात्र तोच राहिला. ठोके खाऊन खाऊन त्याच्या मधोमध एक खळगा पडला होता.

महाद्वार रोडवरच्या दुकानांत प्लास्टिकच्या कवड्यांच्या माळा लटकलेल्या असत. त्या ओलांडून माणसं शालूबाईचा बोळ विचारत यायची. गोंधळी यायचे, जोगवा मागणाऱ्या बायका यायच्या, नवरात्रात घरच्या देवीला नवी माळ घालायची म्हणून शहरातली शिकली-सवरलेली माणसंही यायची. शालूबाईची माळ उजेडात धरली की कवड्यांच्या पाठी ओल्या असल्यासारख्या दिसत. त्याचं कारण साधं होतं आणि ती ते कुणापासून लपवत नव्हती. ती जिवंत कवडीच घ्यायची. काठावर वाळत पडलेली, उन्हानं पांढरी झालेली कवडी तिला चालत नसे. मेलेल्याचा दागिना देवीला कशाला, असं ती म्हणायची.

मासळीचा टेम्पो घेऊन मालवणकडं जाणारे गणपतराव तिच्यासाठी कवड्या आणत. ओहोटीला खडकांत हात घालून काढलेल्या, समुद्राच्या पाण्यासकट, रंगाच्या रिकाम्या डब्यात. डब्याच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली असत. घाट चढून डबा बोळात आला की शालूबाई तो अंगणात सावलीला ठेवायची आणि मंगळवार-शुक्रवार टाळून एकेक कवडी बाहेर काढायची.

त्यातही तिची एक रीत होती. ही तिला सासूनं शिकवलेली नव्हती, ती तिची स्वतःची होती. कवडी डाव्या तळहातावर घ्यायची. हळदीकुंकवाचं बोट टेकवायचं. मग वाकून तिला विचारायचं, ‘‘देवीच्या गळ्यात जायचंय. येतीस का?’’ आणि वाट बघायची. कधी लगेच, कधी बऱ्याच वेळानं कवडीच्या तोंडातून ओलसर, झालरीसारखं काहीतरी बाहेर यायचं, तळहाताला गार स्पर्श करायचं. म्हणजे तिनं होकार दिला. मग शालूबाई तिला चुलीवरच्या गरम पाण्यात सोडायची, आणि नंतर दाभणानं आतलं ओढून काढायची.

गरम पाण्यानं आणि दाभणानं तिची बोटं मरून गेली होती. अलीकडं साखरही निघाली होती. चहाचा गरम पेला ती सहज धरायची, सुई बोटात शिरली तर रक्त दिसल्यावर तिला कळायचं. ह्या गोष्टीचा तिला थोडा अभिमानसुद्धा होता.

सून क्रांती कुरुंदवाडची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती पाटाशी बसून सगळे ठोके शिकली. हात चांगला होता, नजरही चांगली होती. पण एकदा तिनं गरम पाण्यात पडलेली कवडी आपली झालर आत ओढून घेताना पाहिली, आणि त्या दिवसापासून ती पाटाशी बसली नाही. बाहेरच्या खोलीत शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागली. आतून ठोके यायचे, एक, दोन, आणि क्रांती मुलांना पाढे म्हणायला लावायची, जरा मोठ्यानं. तिला ऐकू येत असे. ऐकू येत नाही असं दाखवायचं तिनं ठरवलं होतं, आणि ते शालूबाईला ठाऊक होतं. दोघींत भांडण असं कधी झालं नाही. शालूबाई ठोकायची, क्रांती ऐकायची नाही, आणि तेच त्यांचं भांडण होतं.

क्रांतीला मुलगी झाली. अवनी. चार महिन्यांची होऊन ती पालथी पडायला लागली, हाताला येईल ते तोंडात घालायला लागली, तेव्हा शालूबाईनं ठरवलं की आता पाळण्याला कवड्या बांधायच्या. काळ्या दोऱ्यात पाच कवड्या, मधली मोठी. ह्या घरातल्या प्रत्येक पोराच्या पाळण्याला त्या बांधल्या होत्या. बाळासोच्याही. दृष्ट लागत नाही.

नवरात्र जवळ आलं होतं. गणपतराव डबा घेऊन आले आणि अंगणात ठेवताना म्हणाले, ‘‘मावशी, ह्यात एक झकास घावलंय बगा. असलं मी बी कदी बघितलं न्हाय.’’

शालूबाईनं झाकण काढलं. कवड्यांच्या मधे एक लांबट शंखला होता, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाकडं निमुळता होत गेलेला. अंगावर सोनेरी-तपकिरी रंग आणि त्या रंगात लहान-मोठे पांढरे त्रिकोण, एकावर एक रचलेले, खणाच्या विणीसारखे. तिनं आयुष्यभर कवड्या हाताळल्या होत्या. असलं विणलेलं अंग तिनं पाहिलं नव्हतं. तिनं तो शंखला उलटून बघितला. तोंडाच्या जागी एक लांब, अरुंद फट होती. कवडीला असतात तसे दात तिला नव्हते.

‘‘बिनदाताची हाय की,’’ ती हसून म्हणाली, ‘‘आमच्या अवनीसारखी.’’

पाळण्याच्या दोऱ्यातली मधली कवडी सापडली होती. गणपतराव चहा पिऊन गेले. शालूबाईनं शंखला परत डब्यात ठेवला, कारण दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.

बुधवारी सकाळी तिनं कवड्या काढायला घेतल्या आणि पहिलीच कवडी हाताला हलकी लागली. तिनं ती उजेडात धरली. आत काही नव्हतं. दुसरीही तशीच निघाली. पाच-सहा कवड्या रिकाम्या होत्या, धुऊन पुसून ठेवल्यासारख्या स्वच्छ, आणि त्यांची पाठ चमकत होती. वास नव्हता. एक मुंगी नव्हती. जे काढायला दाभण आणि अर्धा दिवस लागतो ते कुणीतरी रातोरात काढून नेलं होतं.

शालूबाईनं क्रांतीला हाक मारून दाखवलं. क्रांतीनं एक कवडी नाकाशी नेली, मग फटीत दाभण घालून पाहिलं.

‘‘आत्ती, ह्यातलं आतलं कुटं गेलं?’’

‘‘देवीनं नेलं,’’ शालूबाई म्हणाली. तिला ते मनापासून वाटत होतं. आपले हात थकलेत हे देवीला दिसलं असणार.

क्रांतीनं कवडी खाली ठेवली. ती डब्याशी जाऊन वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. मग तिनं सासूला बोलावलं. उरलेल्या कवड्या तळाशी नव्हत्या. त्या डब्याच्या भिंतीवर चढल्या होत्या, पाण्याच्या वर, झाकण टेकतं त्या कडेपर्यंत, सगळ्या एका बाजूला, एकमेकींच्या अंगावर. जागा मिळेना म्हणून काही दुसऱ्यांच्या पाठीवर चढून बसल्या होत्या. खाली तळाच्या वाळूत तो विणलेला शंखला अर्धा रुतून पडला होता. त्याची एक बारीक सोंड तेवढी वर आलेली होती आणि ती पाण्यात हळूहळू इकडून तिकडं फिरत होती, आंधळ्या माणसाचा हात फिरतो तशी.

क्रांतीनं हा डबा परत पाठवा म्हणून सांगितलं. शालूबाईनं पाणी शिळं झालंय म्हणून त्या वर चढल्यात असं म्हटलं आणि झाकण लावलं. पण त्या दिवशी ओवताना तिचं लक्ष दोनदा अंगणाकडं गेलं. दुसऱ्या दिवशी आणखी काही कवड्या रिकाम्या मिळाल्या. तिनं त्या ओवल्या. इतक्या सुंदर माळा तिच्या हातून कधी झाल्या नव्हत्या, आणि त्यांच्याकडं बघताना तिला आनंद व्हायला हवा होता तेवढा होत नव्हता.

पाळण्यावरून मात्र त्या सकाळी बोलाचाली झाली, आणि ती त्या घरातली पहिली उघड बोलाचाली. शालूबाईनं शंखला डब्यातून काढून वाटीत, समुद्राच्याच पाण्यात, वेगळा ठेवला होता. क्रांती अवनीला डोस द्यायला दवाखान्यात निघाली होती. आल्यावर हे पाळण्याला बांध म्हणून शालूबाईनं सांगितलं. क्रांती म्हणाली की जित्या जिवाला मारून माझ्या पोरीच्या डोक्यावर टांगायचं नाही, मला ते बघवत नाही. शालूबाई म्हणाली की तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावर टांगलं होतं, त्याला काय झालं? क्रांतीनं पोरीला खांद्यावर घेतलं आणि चप्पल घातली. दारात ती जरा थांबली.

‘‘साफ करून ठेवा मग,’’ ती वळून न बघता म्हणाली. ‘‘मी आल्यावर बांधते.’’

शालूबाईला बरं वाटलं. सून दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडं सरकली होती.

तिनं चुलीवर पाणी ठेवलं. वाटीतला शंखला डाव्या तळहातावर घेतला. तो थंड आणि जड होता, मुठीत नीट बसणारा. हळदीचं बोट लावलं, कुंकवाचं लावलं, ते पांढऱ्या त्रिकोणांत उतरलं. ती वाकली.

‘‘आमच्या पोरीला राखायचंय,’’ ती म्हणाली. नेहमीचे शब्द तिनं पहिल्यांदाच बदलले. ‘‘येतीस का?’’

शंखल्याला वेळ लागला नाही. फटीतून आधी ती सोंड आली, काळ्या-पांढऱ्या टोकाची. मग तिच्या खालून दुसरं काहीतरी आलं, बारीक, गुलाबीसर, दोऱ्यासारखं, आणि ते लांबत गेलं. एवढं लांबेल असं वाटलं नव्हतं. शालूबाई कौतुकानं बघत राहिली. ते तिच्या मधल्या बोटाशी आलं, तिथं क्षणभर थांबलं, जसं माणूस दार ठोठावायच्या आधी थांबतं, आणि बोटाच्या पेराला टेकलं. मग झपकन आत गेलं.

तिला काही जाणवलं नाही. त्या बोटाला बऱ्याच वर्षांत काही जाणवलं नव्हतं.

होकार मिळाला. शंखला तिनं पाटाच्या कडेला ठेवला आणि पाणी तापेपर्यंत अर्धवट राहिलेली माळ पुढ्यात घेतली. दोऱ्याचं टोक ओठांत धरलं. चार-सहा कवड्या ओवल्या असतील, तिच्या लक्षात आलं की ओठांत दोरा आहे की नाही ते कळत नाहीये. तिनं खाली पाहिलं. दोरा मांडीवर पडला होता. तिनं तो उचलून परत ओठांत धरला, आणि तो परत पडला.

साखर कमी झाली असेल म्हणून तिनं गुळाचा खडा तोंडात टाकला. गुळाची चव लागली, पण खडा जिभेवर कुठं आहे ते कळेना. समोर पाळणा होता. तिनं पाहिलं तर दोन पाळणे होते, एकमेकांत मिसळलेले. तिनं डोळे मिटून उघडले. उघडताना पापण्यांना कुणीतरी हात लावून धरल्यासारखं झालं.

मग तिची नजर आपल्या मधल्या बोटावर गेली. पेरावर एक टिंब होतं, सुईच्या टोकाएवढं, आणि भोवती निळसर पांढरं पडलेलं. आणि तिला डबा आठवला. भिंतीवर चढून एकमेकींच्या अंगावर बसलेल्या कवड्या. रिकाम्या, धुतलेल्या, चमकणाऱ्या कवड्या. त्या कुणी रिकाम्या केल्या होत्या ते तिला आता समजलं, आणि त्याच वेळी दारात चप्पल काढल्याचा आवाज आला.

क्रांती आली होती. डोस दिल्यामुळं अवनी रडून थकली होती. क्रांतीनं तिला पाळण्यात ठेवलं, कपाळावरचा घाम पुसला. तिला सासूशी गोड बोलायचं होतं, तिच्या चालण्यावरून ते दिसत होतं. तिनं पाटाच्या कडेचा शंखला पाहिला, हळदीकुंकू लागलेला, गप्प.

‘‘झालं का साफ?’’ तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता शंखला उचलून मुठीत घेतला.

शालूबाईनं नको म्हटलं. म्हणजे तिनं म्हणायचं ठरवलं. जीभ जागची हलली नाही, घशातून एक घोगरा श्वास तेवढा आला. क्रांती पाठमोरी होती. ती खुंटीवरचा काळा दोरा काढत होती. दोरा काढताना तिनं शंखला सहज अवनीसमोर धरून हलवला, आणि पोरीनं रडणं विसरून दोन्ही हात पुढं केले. तिचं तोंड उघडलं. हाताला येईल ते त्या तोंडात जायचं.

शालूबाईचा उजवा हात अजून तिचा होता. तिनं एक कवडी धरली आणि पाटावर ठोकली. एक, दोन, तीन.

क्रांतीनं ऐकलं. शालूबाईला तिच्या मानेवरून कळलं की तिनं ऐकलं, आणि हेही कळलं की सवयीनं तिनं ते ऐकलं नाही असं केलं. दोन वर्षांचं भांडण त्या मानेत होतं. क्रांती दोऱ्याचा गुंता सोडवत राहिली. अवनीची बोटं शंखल्यापासून वीतभर लांब होती.

‘‘थांबा की आत्ती,’’ क्रांती म्हणाली. ‘‘बांधायलीय न्हवं का.’’

पुन्हा ठोकावं म्हणून शालूबाईनं हात उचलला तर तो अर्ध्यावर थांबला. पापण्या खाली येत होत्या. त्यांच्या फटीतून तिला पाट दिसत होता आणि पाटावर नवरात्राच्या माळेसाठी निवडून ठेवलेल्या कवड्यांची रांग, सगळ्या उताण्या, सगळ्या चांगल्या. तिनं हाताचं कोपर टेकवलं, अंगाचा भार त्यावर टाकला, आणि तळहातानं ती रांग उलटी केली. काही कवड्या पाटावरून खाली गडगडल्या. उरलेल्या एकेक करून तिनं पालथ्या केल्या. मग मूठच आपटली. एक. फार वेळानं दोन. आणि तीन म्हणून ती जे आपटली ते तिचं कपाळ होतं.

त्या आवाजानं क्रांती वळली. तिनं आधी पाट पाहिला. सगळ्या पालथ्या. आख्खी रांग. ह्या बाईनं देवीच्या माळेची एक कवडी टाकायची तर दहा वेळा उजेडात धरून पाहिलेली तिनं बघितली होती. मग तिनं सासूचं तोंड पाहिलं, आणि मग आपली मूठ. मुठीच्या कडेला, अंगठ्याखालच्या फटीतून, काळ्या-पांढऱ्या टोकाची ती सोंड बाहेर आलेली होती आणि वास घेतल्यासारखी हलत होती.

शंखला फरशीवर पडल्याचा आवाज शालूबाईनं ऐकला. त्यानंतर तिला काही दिसलं नाही, कारण पापण्या पूर्ण मिटल्या होत्या. ऐकू मात्र सगळं येत होतं.

रिक्षा ऐकू आली. बाळासोला फोनवर काहीबाही सांगणारी क्रांती ऐकू आली. राजारामपुरीतल्या मोठ्या दवाखान्यात मैथिली नावाची एक तरुण डॉक्टर होती, तिचा आवाज ऐकू आला. घरात मण्यार निघाली होती का, झोपेत चावलीय का, असं ती विचारत होती. क्रांती शंखला म्हणत होती. समुद्रातला. अंगावर खणासारखी वीण असलेला. डॉक्टर बहुतेक फोनमध्ये काही शोधत होती. मग ती म्हणाली की त्याला दात असतो. पोकळ, सुईसारखा, भाल्यासारखा फेकतो. एकदा वापरला की टाकून देतो, आत दुसरा तयार असतो. ह्यावर उतारा नाही. छाती चालायची थांबेल, तेव्हा मशीननं श्वास द्यायचा आणि विष उतरायची वाट बघायची. आपल्या हातात एवढंच आहे.

शालूबाईच्या घशात नळी गेली, आणि तिच्या आत कुणीतरी दुसरंच श्वास घ्यायला लागलं. तो श्वास तिच्या सोयीनं येत नसे. तो यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. ती आत जागी होती. एक बोट हलवता येत नव्हतं, आणि तिच्या मनात सारखा एकच प्रश्न होता. तो फरशीवर पडला, पुढं कुठं गेला? क्रांती इथं आहे. अवनी शेजारणीजवळ, बहुतेक आपल्याच घरी. शेजारीण पोरीला फरशीवर चादर टाकून पालथी घालत असेल. आता ती पुढं सरकायलाही शिकली असेल. पाटाखाली, पाळण्याखाली, कुठल्या कोपऱ्यात ती सोंड हळूहळू फिरत असेल. त्याच्या आत दुसरा दात तयार आहे, डॉक्टर म्हणाली होती.

विचारायचं कसं? बाळासो येऊन रडून गेला. लोक येत, तिच्या पायाला हात लावत, हळू आवाजात बोलत. ती झोपली आहे असं सगळ्यांना वाटत होतं. आपण अशीच, आतून ओरडत, पडून राहणार आणि घरात ते होऊन जाणार, असं तिला वाटायला लागलं. तिनं आयुष्यात ज्या कवड्यांना विचारलं होतं त्याही आतून अशाच काही म्हणत असतील का, हे तिच्या मनात आलं. आलं आणि मग गेलंच नाही.

मग एकदा खाटेच्या लोखंडी कडेशी कुणीतरी उभं राहिलं. पावलांवरून क्रांती. थोडा वेळ फक्त मशीनचा आवाज होता. नंतर लोखंडावर बांगडी वाजली. एकदा. दोनदा. तीनदा.

क्रांती थांबली, आणि तिनं पुन्हा तसंच केलं. तीन ठोके.

टाकलं.

शालूबाईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलं. क्रांतीनं ते पदरानं पुसलं.

विष उतरलं, आधी पापणी हलली, मग बोट, मग छाती आपली आपण चालायला लागली. घरी आल्यावर तिला बाकीचं कळलं. शंखला पडल्यापडल्या क्रांतीनं त्यावर पितळी घंगाळ पालथं घातलं होतं आणि वर वरवंटा ठेवला होता. पाळण्यासकट पोर शेजारी नेऊन दिली होती. हे सगळं रिक्षा यायच्या आत. पुढं बाळासोनं फौंड्रीतला लांब चिमटा आणून शंखला उचलला आणि अंगणात खोल खड्डा काढून, चुन्यात, पालथा पुरला. नवरात्रातल्या माळा त्या वर्षी झाल्या नाहीत. रिकाम्या निघालेल्या कवड्यांच्या ज्या माळा तयार होत्या, त्या कुणाला द्यायच्या नाहीत असं शालूबाईनं सांगितलं. त्या खुंटीवर तशाच राहिल्या. संध्याकाळचा उजेड पडला की चमकायच्या, आणि घरातलं कुणी त्या बाजूला बघत नसे.

तिची वाचा परत आली, पण आवाज खालचा आला. डावी पापणी जराशी उतरलेलीच राहिली. एक दिवस, अवनीला मांडीवर घेऊन बसली असताना, ती क्रांतीला म्हणाली, ‘‘एवढी वर्सं विचारत आले बघ. येतीस का म्हणून. खरं उत्तर ह्या एकानंच दिलं.’’

क्रांती पोरीचे कपडे घड्या घालत होती. थोड्या वेळानं ती उठली आणि कोपऱ्यात उभा केलेला पाट आणून सासूशेजारी ठेवला, स्वतःला बसायला.

दिवाळी होऊन गेल्यावर गणपतरावांचा टेम्पो बोळाच्या तोंडाशी वाजला. त्यांना आणा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, आणि आणू नका म्हणूनही कुणी सांगितलं नव्हतं. शालूबाई आजारी होती एवढंच त्यांच्या कानावर होतं. त्यांनी डबा अंगणात नेहमीच्या सावलीला ठेवला, तब्येत विचारली, आणि ह्या खेपेला माल भरपूर हाय असं सांगून हात धुवायला नळाशी गेले.

शालूबाई डब्याशी गेली. क्रांती दारात आली आणि तिनं अवनीला कडेवर उचलून घेतलं. शालूबाईनं झाकणाची एक कड बोटभर वर केली, वाकली, आणि उतरलेल्या पापणीचा डोळा मिटून दुसऱ्यानं आत बघितलं.

सगळ्या कवड्या वर चढल्या होत्या. एका बाजूला, कडेपर्यंत, एकमेकींच्या अंगावर. खाली पाणी गढूळ होतं आणि तळ दिसत नव्हता.

तिनं झाकण खाली दाबलं. त्यावर तळहात ठेवून ती उभी राहिली. मग बोटाच्या उलट्या बाजूनं झाकणावर तीनदा ठोकलं.

‘‘गणपतराव,’’ ती त्या खालच्या आवाजात म्हणाली, ‘‘न्या ह्ये परत. जिथनं काढलं तिथंच सोडा. आन् सोडताना आत हात घालू नगासा.’’

गणपतराव ओले हात पुसत बघत राहिले. डब्यातून कसलाच आवाज आला नाही. झाकणाच्या भोकातून मात्र खाऱ्या पाण्याचा एक थेंब वर आला होता आणि शालूबाईच्या मधल्या बोटाखाली पसरला होता. तिला तो जाणवला नव्हता. क्रांतीनं तो पाहिला आणि पुढं होऊन सासूचा हात डब्यावरून उचलला.